फिरत्या बिऱ्हाडाचे सुतारकाम : प्रस्तावना

कॅम्पर व्हॅनमध्ये राहू इच्छिणाऱ्या आणि त्या राहण्यास लागणारे लाकूडसामान स्वतःच्या हातांनी घडवू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी हे पुस्तक लिहिले आहे. या विषयावर इंग्रजीत आणि जर्मन भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बरेचसे लेखन छायाचित्रांच्या आधारावर उभे असल्यामुळे पलंग कसा दिसतो हे त्यातून तत्काळ कळते, तो तसाच का केला, त्याच्या फळीची जाडी अमुकच का धरली, आणि तो गाडीच्या पातळ पत्र्याला कशाच्या जोरावर धरून राहिला आहे, हे समजून घेण्यासाठी मात्र वाचकाला स्वतःच्या खिशाला चाट लावून घ्यावी लागते. ही कारणमीमांसा एकत्र करून द्यावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे. मोजमापांचा आणि अवजारांचा तपशील पुढील प्रकरणांत यथास्थित येईलच. येथे या उद्योगाची पूर्वपीठिका कोणती, घरातल्या सुतारकामाहून तो कोठे निराळा पडतो, आणि तयार सामान विकत मिळत असता तो स्वतः करण्यात हशील काय, एवढ्या तीनच मुद्द्यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांचे अप्रूप मराठी मुलखाला कधीच नव्हते. लमाणांचे तांडे, मेंढरांमागून घाट उतरणारे धनगर, भाता-ऐरण गाडीवर लादून गावोगाव जाणारे घिसाडी, ही सर्व मंडळी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर संसार करीत आली. परंतु त्यांचे हिंडणे उदरनिर्वाहाने ठरवून दिलेले असल्यामुळे सामानाचा प्रश्न त्यांनी सामान जवळजवळ न बाळगूनच सोडविला होता. ज्याला गावी पक्के घर आहे, ज्याच्यावर पोटासाठी हिंडण्याची पाळी आलेली नाही, आणि तरीही बैठक, मेज, शय्या व चूल यांवाचून ज्याचे चालत नाही, अशा मनुष्याने हौसेखातर रस्ता धरला, म्हणजे मगच गाडीतील फर्निचर हा स्वतंत्र विषय उत्पन्न होतो. या हौसेच्या प्रारंभीच्या नामांकित उदाहरणांत गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थाची गणना होते. ब्रिटिश आरमारात शल्यवैद्य म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या या लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील वॅगनच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधवून घेतली, तिला दोन घोडे जुंपले, पुढच्या रस्त्याचा अंदाज घेण्यासाठी आपल्या चाकराला तीनचाकी सायकलवर बसवून आघाडीस धाडले, आणि इंग्लंडातील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. जहाजावरच्या खोल्यांत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाने जमिनीवरचे गलबत बांधावे, हे स्वाभाविकच होते. मात्र गलबताचे ओझे पाणी वाहते, आणि या महॉगनीच्या प्रासादाचे ओझे घोड्यांना वाहावे लागले. गाडीच्या फर्निचराचा आद्य प्रश्न वजनाचा आहे, हे तेव्हापासूनच उघड होते.

आजच्या कॅम्पर व्हॅनची खरी कुळकथा मात्र युद्धोत्तर जर्मनीत सुरू होते. फोक्सवॅगनने १९५० मध्ये मालवाहतुकीची छोटी गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते, तथापि तिच्या पोटात मोकळी, चौकोनी आणि कोणत्याही कामास लावता येण्याजोगी जागा होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५१ मध्ये, वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या कारखान्याने या जागेत ठेवण्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ तयार केला. बैठकीची शय्या होणारे बाक, घडीचे मेज, लहानसे कपाट आणि स्वयंपाकाची जुजबी सोय, एवढा सरंजाम त्यात होता. आणि त्याची खुबी अशी की तो काढता-घालता येत असे, त्यामुळे आठवडाभर माल पोचविणारी गाडी सुटीच्या दिवशी सहकुटुंब सहलीस निघू शके. ज्या समाजाला एकाच वाहनात धंदा आणि विश्रांती दोन्ही भागवावी लागत होती, त्याच्या गरजेतून जन्मलेली ही तजवीज होती. पुढे इंग्लंडात सिडमथ येथे ‘डेव्हन’ या नावाने आणि फोकस्टन येथे ‘डॉर्मोबिल’ या नावाने अशाच गाड्या सजविल्या जाऊ लागल्या, अमेरिकेत मोठ्या गाड्यांचा निराळाच पंथ निघाला, आणि कारखान्यांचे सामान न परवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या शेकडो लोकांनी आपापल्या अंगणात करवत हाती घेतली. तरीही त्या पहिल्या पेटीने घालून दिलेला शिरस्ता, म्हणजे एका वस्तूने किमान दोन कामे करावीत आणि जी वस्तू दुसरे काम करू शकत नाही तिने आपली जागा का अडवावी याचा जाब द्यावा, हा आजतागायत अबाधित आहे.

कायद्यानेही या संसाराचा सरंजाम मोजून ठेवला आहे. युरोपीय संघाच्या २०१८ च्या ८५८ क्रमांकाच्या नियमावलीनुसार मोटार कॅराव्हॅन म्हणवून घेणाऱ्या वाहनात बसण्याच्या जागा व मेज, निजण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय, एवढ्या गोष्टी असल्याच पाहिजेत. त्या गाडीच्या निवासभागाला पक्क्या जोडलेल्या असाव्यात. शय्या आसनांच्या रूपांतराने केली तरी हरकत नाही, आणि मेज तेवढे सहज काढता येण्याजोगे असले तरी चालेल. मनुष्याच्या गृहस्थाश्रमाची इतकी संक्षिप्त व्याख्या कोणा स्मृतिकारानेही केली नसेल. आपल्याकडे मात्र वाचकाने आरंभीच सावध राहणे इष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात दाखल झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला केवळ आपल्या मर्जीने करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले असले, तरी त्यामुळे घरी केलेल्या प्रत्येक फेरफारास आपोआप मुभा मिळाली असे समजण्याचे कारण नाही. सबब मूळ आसने उखडण्यापूर्वी आणि छताला भोक पाडण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून लेखी खातरजमा करून घ्यावी. आणि ज्याला ही दरखास्त-परवान्याची दगदग नको असेल, त्याने वेस्टफालियाच्या जुन्या पेटीप्रमाणे गाडीच्या रचनेला हात न लावता आत ठेवता व बाहेर काढता येईल असे सामान करण्यापासून आरंभ करावा. या पुस्तकातील पहिला नमुना त्याच जातीचा आहे.

आता घरातल्या सुतारकामाहून हे काम कोठे निराळे पडते ते पाहू. घरातले कपाट एका जागी उभे असते, त्याच्या खालची जमीन हलत नाही, मागची भिंत ओळंब्यात असते, आणि ते किती जड आहे याची विचारपूस घर बदलण्याच्या दिवसापर्यंत कोणी करीत नाही. व्हॅनमध्ये या सर्व गृहीत गोष्टी एकदम निकालात निघतात, आणि सुताराला वजन, हालचाल व ओल या तिघांशी एकाच वेळी सामना द्यावा लागतो.

वजनाचा हिशेब आकड्यांनीच केलेला बरा. घरातल्या कपाटासाठी आपला सुतार पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचा प्लाय डोळे मिटून काढतो; आठ फूट बाय चार फुटांचा असा गर्जनचा एक ताव ४० किलोंच्या आसपास भरतो. त्याच मापाचा १२ मिलिमीटरचा बर्च प्लाय सुमारे २४ किलो, आणि पॉप्लरचा केवळ १६ किलोंच्या घरात जातो. साध्या बिऱ्हाडाला पाच ताव लागतात असे धरले, तर जाडजूड प्लायने २०० किलो आणि पॉप्लरने ८० किलो, असा १२० किलोंचा, म्हणजे दोन धडधाकट प्रवाशांच्या वजनाइतका फरक पडतो. युरोपात सामान्य मोटारीच्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोंपर्यंतचेच वाहन हाकता येते, आणि त्या आकड्यात गाडी, इंधन, पाणी, माणसे व लाकूड हे सर्व जमेस धरलेले असते. त्यामुळे तेथील कारागीर तराजू जवळ ठेवूनच काम करतो. पातळ फळीला बळकटी आणावयाची ती जाडीने आणू नये, आकाराने आणावी. फळीच्या कडेला काटकोनात डिंकाने बसविलेली दीड इंची पट्टी तिला जो ताठपणा देते, तो दुप्पट लाकूड घालूनही सहजी येत नाही. शिवाय वजन किती आहे एवढेच पाहून भागत नाही, ते कोठे आहे हेही पाहावे लागते. पाण्याची टाकी, बॅटरी यांसारखे जड जिन्नस खाली व दोन्ही आसांच्या दरम्यान असावेत, आणि एका बाजूला टाकी आली तर तिचा तोल दुसऱ्या बाजूच्या वजनाने सावरावा. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, हे टाकी भरताना आठवून उपयोग नाही. ती बसविण्याची जागा ठरवितानाच आठवले पाहिजे.

हालचालीचा पहिला तडाखा बसतो तो पाणसळीला. स्प्रिंगांवर उभी असलेली गाडी कधी पुढे झुकलेली, कधी एका कुशीवर कललेली असते, म्हणून पाणसळीचा बुडबुडा येथे काहीही खरे सांगत नाही. गाडीचा तळ हाच आधार मानून गुण्याने काटकोन घ्यावे लागतात, आणि आकाश-पृथ्वीच्या साक्षीपेक्षा तळाच्या साक्षीवर भिस्त ठेवावी लागते. त्यातून गाडीच्या भिंती सरळ नसतात. त्या वर जाताना आत वळतात, आणि मधूनमधून फासळ्यांमुळे त्यांना उंचवटे आलेले असतात. कोकणच्या किनाऱ्यावर गलबते बांधणाऱ्या सुताराला या वक्रतेचे काहीच वाटणार नाही, पण घरकाम करणारा सुतार येथे हमखास अडखळतो. उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा तळाशी काटकोनात उभा करून भिंतीला जेथे प्रथम टेकेल तेथवर सरकवावा. भिंत आणि पुठ्ठा यांच्यामध्ये सर्वांत रुंद फट जेथे राहिली असेल तेवढे अंतर कंपासात धरावे. मग कंपासाचे टोक पत्र्यावरून आणि पेन्सिल पुठ्ठ्यावरून, दोघांनाही एकाच आडव्या रेषेत ठेवून, वरून खालपर्यंत सावकाश उतरवीत न्यावे. उमटलेल्या रेषेवर पुठ्ठा कापला की भिंतीची वळणे त्याच्या कडेवर हुबेहूब उतरतात, आणि तोच पुठ्ठा प्लायवर ठेवून रेघ मारता येते. प्लाय कापताना मात्र भिंतीपासून चार-पाच मिलिमीटर जागा सोडून तीत नमद्याची पट्टी बसवावी. लाकूड आणि पत्रा प्रत्यक्ष एकमेकांस भिडले, तर खडबडीत रस्त्यावर ते इतके करकरतात की शेजारच्याशी बोलणे मुश्किल व्हावे.

जे घट्ट आहे ते हादऱ्यांनी सैल होणार, आणि जे सैल आहे ते निसटणार, असे धरूनच येथे बेत करावा लागतो. गाडीच्या बाह्यांगाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असल्यामुळे त्यात नुसता स्क्रू धरत नाही. आतल्या फासळ्यांत आटे असलेला रिबिट, म्हणजे कारागीर ज्याला रिव्हनट म्हणतात तो, बसवून त्यात बोल्ट आवळावा लागतो. खणांची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मधल्या वाटेकडे तोंड असलेला खण आंबोलीच्या घाटातल्या वळणावर बाहेर येतो, आणि चालकाकडे तोंड असलेला ब्रेक दाबताच येतो. निर्धोक दिशा अशी नाहीच. बाजारात यासाठी बटणाच्या कड्या मिळतात, परंतु एक जुनी युक्ती फुकटची आहे. खणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना, दर्शनी फळीच्या लगत मागे, खालच्या कडेला एक सेंटिमीटर खोल खाच पाडावी, आणि चौकटीची पुढची आडपट्टी त्या खाचेत बसेल अशी योजना करावी. खण आत गेला की स्वतःच्या वजनाने खाचेत उतरतो. तो उघडावयाचा म्हणजे आधी उचलावा लागतो आणि मग ओढावा लागतो. दोन हालचाली एकामागून एक करण्याची अक्कल गाडीच्या हादऱ्याला नसते, आणि मनुष्याला असते. या एका भेदावर ती सगळी कडी उभी आहे.

ओल हा तिसरा आणि सर्वांत कपटी शत्रू होय, कारण तो दिसत नाही. बंद गाडीत निजलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर रात्रभरात पेलाभर पाणी बाहेर पडते, आणि ते थंड पत्र्यावर जाऊन बसते. गादीच्या खाली अखंड फळी असेल, तर अंगाची ऊब आणि खालचा गारवा यांच्या सीमेवर पाणी साचून गादीला बुरशी येते. म्हणून शय्येची बैठक पट्ट्यापट्ट्यांची, मध्ये फटी ठेवून करावी, आणि कपाटांच्या पाठीमागून हवा खेळेल अशी वाट राखावी. लाकडाच्या निवडीतही हाच विचार आहे. भारतीय मानक ७१० चा मरीन प्लाय उकळते पाणी सोसणाऱ्या चिकटीने जोडलेला असतो, ३०३ चा साधा प्लाय त्याहून स्वस्त. कोकणातला एक पावसाळा गाडीत काढावयाचा असेल, तर चुलीजवळच्या आणि तळालगतच्या फळ्यांसाठी पहिला घेणेच शहाणपणाचे. कापलेली प्रत्येक कड, मग ती डोळ्यांआड असली तरी, वॉर्निशाने बंद करावी, कारण पाणी फळीच्या तोंडावरून शिरत नाही, ते कडेतून शिरते. आणि चिकटीतून निघणारा फॉर्मल्डिहाइड वायू दिवाणखान्यात विरून जातो, तसा तो एवढ्याशा जागेत विरत नाही. म्हणून ताव घेताना त्याच्या उत्सर्जनाची प्रतही दुकानदाराला विचारावी.

एवढा सगळा खटाटोप असता तयार सामान का घेऊ नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. पैसा वाचतो हे उत्तर नेहमी दिले जाते. परंतु अवजारे, वाया गेलेले लाकूड आणि खर्ची पडलेल्या सुट्या यांची रुजुवात घातली, तर ते उत्तर दर वेळी टिकेलच असे नाही. खरे उत्तर निराळे आहे. कारखाना सामान करतो ते सरासरी मनुष्यासाठी, आणि सरासरी मनुष्य कधीही कोणत्याही गाडीत निजत नाही. फियाटच्या डुकाटो या गाडीची आतली रुंदी सर्वांत रुंद जागी १.८७ मीटर आहे, आणि म्हणूनच तीत आडवा पलंग करण्याची पद्धत पडली. परंतु दोन्ही बाजूंना उष्णतारोधक थर व अस्तर लावल्यावर उरलेल्या जागेत साडेपाच फुटी मनुष्य सुखाने पाय पसरतो आणि सहा फुटी मनुष्य गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढतो. कोणी उभ्याने स्वयंपाक करतो, कोणाला बाकावर बसून कांदा चिरण्याची सवय असते. कोणाला पहाटे चहा हवा असतो आणि त्यासाठी जोडीदाराची शय्या मोडावी लागू नये अशी इच्छा असते. कोणी दिवसाचे सहा तास मेजावर काम करतो, आणि कोणाचे मेज केवळ ताट ठेवण्यापुरते असते. हा तपशील कोणत्याही कारखान्याच्या नकाशात असू शकत नाही. तो ज्याच्या त्याच्या दिनचर्येत असतो, आणि ज्याने करवत स्वतः हाती धरली त्याला तो तपासून पाहावाच लागतो. माझ्या मते या उद्योगाचे मर्म हेच आहे: व्हॅनचे फर्निचर करणे म्हणजे आधी स्वतःच्या दिवसाचे मोजमाप घेणे आणि मग लाकडाचे. पहिले मोजमाप चुकले, तर दुसरे कितीही बिनचूक असो, बाक बैठकीच्या कामाचे राहत नाही आणि पलंग झोपेच्या कामाचा राहत नाही.

स्वावलंबनाच्या या गौरवाला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. प्रवासात ज्या आसनावर माणूस बसणार ते आसन, त्याचा पट्टा आणि तो पट्टा गाडीला ज्या ठिकाणी बांधला जातो ती जागा, यांच्या वाटेस हौशी सुताराने जाऊ नये; आघाताच्या क्षणी अंगाचा भार कित्येक पटींनी वाढतो आणि त्या वेळी डिंक व प्लाय यांची मिजास चालत नाही. गॅसच्या नळ्यांचेही तेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा निवासाच्या जागेपासून बंदिस्त आणि तळाला बाहेर उघडणाऱ्या झरोक्याचा असावा. हा कप्पा वाचकाने अवश्य बांधावा, जोडणी मात्र जाणकाराकडून करून घ्यावी. या दोन गोष्टी वगळल्या, तर बाक, शय्या, मेज, कपाटे, खण व ओटा हे सर्व सामान्य बुद्धीच्या आणि धीराच्या मनुष्याला करता येण्यासारखे आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाची व्याप्तीही तेवढीच ठेवली आहे.

पहिले प्रकरण दिनचर्येच्या मोजमापाचे असून दुसऱ्यापासून प्रत्यक्ष लाकूडकामास आरंभ होतो. वाचकास अखेरची विनंती अशी की, पहिले प्रकरण वाचून झाल्यावर त्याने एक गादी, दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह एवढेच सामान घेऊन रिकाम्या गाडीत काही रात्री काढाव्यात, कोठे डोके आपटते आणि कोठे हात पोचत नाही हे तळावर खडूने लिहून ठेवावे, आणि त्या खुणा पक्क्या होईपर्यंत प्लायच्या दुकानाची पायरी चढू नये.